रिसेप्टर म्हणजे ग्राहक की ग्राही? आणि पेशींचे ‘स्थलांतर’

न्यूमोनियात पांढऱ्या पेशी फुप्फुसात कशा पोहोचतात, यावर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचे वाक्य असे: ‘पेशीपृष्ठावरील ग्राहक हे रोगप्रतिकारक पेशींच्या स्थलांतराचे नियमन करतात.’ रिसेप्टर म्हणजे पेशीवरचा, बाहेरचा ठरावीक रेणू धरणारा रेणू; त्यासाठी ‘ग्राहक’, आणि पेशींच्या प्रवासासाठी ‘स्थलांतर’ हे शब्द चालतील का?

‘ग्राहक’ नको. व्युत्पत्तीने तो चूक नाही, कारण ग्रह् म्हणजे घेणे, धरणे. पण मराठीत तो शब्द दुकानदार, वीजबिल आणि ग्राहक मंच यांच्याकडे केव्हाच गेला आहे; ‘पेशीचे ग्राहक’ वाचून माणूस क्षणभर अडखळतोच. ‘ग्राही’ घ्यावा. विज्ञानलेखनात तो दिसतोही, आणि ‘गुणग्राही’मुळे कानाला ओळखीचा आहे. गुणग्राही माणूस समोर येईल ते सगळे घेत नाही. गुण ओळखतो आणि दाद देतो. रिसेप्टरची कामेही हीच दोन: ठरावीक रेणू ओळखून धरायचा आणि त्याची वर्दी पेशीच्या आत पोहोचवायची. जर्मन वैद्यकसंशोधक पाउल एर्लिख यांनी १९०० मध्ये ‘रिसेप्टर’ हा शब्द रूढ केला तेव्हा त्यांचा भर पहिल्या कामावर, म्हणजे विषाचे रेणू पेशीला कसे जखडतात यावर होता. पुढे १९०५ मध्ये केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ली निकोटिन आणि क्युरारे (स्नायू लुळे पाडणारे विष) यांचा स्नायूंवरचा परिणाम अभ्यासताना ‘ग्रहणक्षम पदार्था’विषयी लिहू लागले आणि दुसरे कामही त्या कल्पनेत आले.

एक खबरदारी मात्र घ्यावी. आयुर्वेदात ‘ग्राही’ म्हणजे द्रव शोषून मल बांधणारे औषध. सुंठ, जिरे ही त्याची नेहमीची उदाहरणे. लेख आतड्यांच्या विकारावर असेल तर पहिल्यांदा ‘पेशीग्राही’ असे पूर्ण लिहिलेले बरे. फुप्फुसाच्या लेखात हा घोटाळा होणार नाही.

‘स्थलांतरा’ची अडचण जास्त खोल आहे. हा शब्द उच्चारला की आपल्याला रोहित पक्षी दिसतात, ऊसतोडीला निघालेली कुटुंबे दिसतात. हंगाम संपला की ती परततात. फुप्फुसात शिरलेली न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी बहुधा परतत नाही. जंतूंशी झुंजून तिथेच मरते आणि तिचे अवशेष भक्षक पेशी गिळतात. शिवाय ‘स्थलांतर’ म्हटले की वाटेत काय घडते ते झाकले जाते, आणि ग्राहींचे सगळे काम तर वाटेतच आहे. मथळ्यात हा शब्द राहिला तरी हरकत नाही. मजकुरात क्रियापदे वापरा.

ती निवडताना मात्र पाठ्यपुस्तकातले वर्णन जसेच्या तसे उचलू नका. शरीरात इतरत्र क्रम असा असतो: लहान शिरेच्या अस्तरावरचे सिलेक्टिन नावाचे रेणू वाहत्या पेशीला अलगद पकडतात, पेशी भिंतीवरून लोळत जाते, केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या रासायनिक संदेशाचा) रेणू तिच्या सीएक्ससीआर-२ या ग्राहीला लागतो, त्यासरशी तिच्यावरचे इंटेग्रिन (चिकटण्याचे काम करणारे ग्राही) ताठ होऊन अस्तरावरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरतात, पेशी थांबते आणि भिंतीतून बाहेर सरकते. फुप्फुसात न्यूट्रोफिल मुख्यतः केशवाहिन्यांतूनच बाहेर पडतात, आणि त्यातल्या कितीतरी केशवाहिन्या पेशीपेक्षा अरुंद असतात. तिथे लोळायला जागाच नसते. एरवीही पेशी लांबट होऊन, अंग चोरून पुढे सरकते. दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की तिच्यातली ॲक्टिन या प्रथिनाची जाळी कडक होते, तिला आकार बदलणे जमत नाही आणि ती अडकून बसते. म्हणून फुप्फुसाविषयी लिहिताना ‘लोळतात’ हे क्रियापद गाळा. ‘अडकतात’, ‘चिकटतात’, ‘बाहेर सरकतात’, ‘वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशवीत) शिरतात’ असे लिहा.

‘चिकटतात’ हेही सरसकट नको. १९९०च्या सुमारास सशांवर झालेल्या प्रयोगांत सीडी१८ हा इंटेग्रिनचा भाग प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) झाकून टाकला. ई. कोलाय या जंतूच्या अंतर्विषामुळे (एंडोटॉक्सिनमुळे) होणारी पेशींची आवक त्याने रोखली गेली; न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूंमुळे होणारी आवक मात्र फुप्फुसात चालूच राहिली. त्याच सशांच्या पोटाच्या भिंतीत न्यूमोकॉकस सोडला, तर तिथे सीडी१८ शिवाय पेशींचे काही चालेना. एकच जंतू, एकच पेशी, पण अवयव बदलला की ग्राहीची गरज बदलते. हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते, आणि लेखात त्याला जागा मिळावी असे मनापासून वाटते.

‘नियमन’ हा शब्द योग्य आहे, फक्त त्याचा अर्थ वाचकाला दिसू द्या. अस्थिमज्जेत सीएक्ससीआर-४ हा दुसरा ग्राही न्यूट्रोफिलला धरून ठेवतो, सीएक्ससीआर-२ तिला बाहेर काढतो. कोणाचा जोर जास्त यावर रक्तात किती पेशी उतरणार ते ठरते. केमोकाइनचा मारा फार झाला तर पेशी सीएक्ससीआर-२ला पृष्ठभागावरून आत ओढून घेते. गंभीर सेप्सिसमध्ये (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादात) असे झाले की रक्तात पेशी असूनही त्यांना संसर्गाची जागा सापडत नाही. तेव्हा ‘नियमन करतात’ एवढ्यावर थांबू नका. कोणता ग्राही वाढला, कोणता आत गेला, ते सांगा.

राहता राहिला ‘दाह’. सामान्य वाचकाला तो जळजळीचा शब्द वाटतो, ‘सूज’ म्हटले तर बाहेरून दिसणारा फुगवटा आठवतो. मी ‘फुप्फुसदाह’ पसंत करतो, पहिल्या उल्लेखात एका वाक्याचा खुलासा देऊन.

आणि सामान्यरूप. प्राणी-प्राण्याला, पक्षी-पक्ष्याला या चालीने ‘ग्राह्याला’, ‘ग्राह्यांमुळे’ अशी रूपे होतील. पण ती ‘ग्राह्य’ म्हणजे स्वीकारण्याजोगा या विशेषणाशी जुळतात आणि वाक्याचा अर्थच फिरतो. कवी-कवीला प्रमाणे ‘ग्राहीला’, ‘ग्राहींमुळे’ असेच लिहावे.