कॅल्क्युलेटर काढून घेऊ का?

“मॅडम, ही गुणाकारसुद्धा मोबाइलवर करते. पुढच्या वर्षी दहावी. कॅल्क्युलेटर काढून घेऊ का?” नववीतल्या मुलीची आई खुर्चीत बसता बसताच म्हणाली. शेजारी आजोबा होते, धान्याच्या दुकानात आयुष्यभर हिशेब केलेले. “आम्हाला पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, तोंडपाठ होते,” ते म्हणाले. मुलगी खाली बघून ओढणीचं टोक गुंडाळत होती.

हा प्रश्न घेऊन वर्षाला दहा-बारा पालक तरी माझ्याकडे येतात. हो किंवा नाही असं उत्तर मी लगेच देत नाही. आधी मूल गणित करताना बघते.

तिला एकटीला बसवून शंकूचं एक उदाहरण दिलं. त्रिज्या ७ सेंमी, उंची २४ सेंमी, एकूण पृष्ठफळ काढ. तिने आकृती काढली, तिरकस उंचीसाठी पायथागोरसचं सूत्र न सांगता लिहिलं, ४९ आणि ५७६ ची बेरीज ६२५ केली आणि तिथेच थांबली. वर्गमूळापाशी हात आपोआप खिशाकडे गेला आणि दचकून परत आला.

“घे ना,” असं म्हणत माझ्या टेबलावरचा साधा आठ अंकी कॅल्क्युलेटर पुढे केला. २५ आले. पुढे तिने २२ ला ७ ने भागलं, त्याला ७ ने गुणलं. पडद्यावर २१.९९९९९९. तिने तो आकडा मुकाट्याने कागदावर उतरवला.

“हे २२ का नाही आले?”

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग पेन्सिलीने दोन्ही सातांवर काट मारली. “मॅडम, हे तर कटतात!” पुढे ७०४ तिने हातानेच काढले.

मला हवं ते तेवढ्यात कळलं होतं. या मुलीला गणित समजतं. तिला आकडेमोडीची भीती वाटते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आकड्यांची ओळख, लहान-मोठेपणाची जाण हेही मी तपासलं. तिथे अडचण दिसली असती तर अध्ययन अक्षमतेच्या चाचणीला पाठवलं असतं, कारण तसं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बोर्डाच्या सवलती मिळतात. तसं काही नव्हतं. दुसऱ्या भेटीत तिने सांगितलं की सहावीत सतराचा पाढा म्हणताना ती अडकली, तास संपेपर्यंत उभी राहिली, आणि वर्ग हसला. तेव्हापासून गणिताच्या तासाला तिने हात वर केलेला नाही. कॅल्क्युलेटर कधी हसत नाही, म्हणून तो जवळचा. माझ्या मते यात आळस कुठेच नव्हता.

आईंना मी दोन अभ्यासांबद्दल सांगितलं. १९८६ साली हेम्ब्री आणि डेसार्ट या अमेरिकी संशोधकांनी ७९ अभ्यास एकत्र तपासले. कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या मुलांचा गणिताकडे बघण्याचा दृष्टिकोन जास्त चांगला होता आणि हाताने करायची कौशल्यंही घटली नव्हती. अपवाद फक्त चौथीचा. २००३ मध्ये एलिंग्टन यांनी ५४ अभ्यासांचा असाच आढावा घेतला. शिकवण्यात आणि परीक्षेतही कॅल्क्युलेटर असेल तेव्हा कौशल्यं वाढतात, असं त्यात दिसलं. आपली अडचण नेमकी इथेच आहे. राज्य मंडळाच्या दहावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, बारावीच्या भौतिकशास्त्रालाही मुलं लॉग टेबल, म्हणजे आकडेमोडीसाठीचे छापील तक्ते, घेऊन बसतात. त्यामुळे “वापरू दे बिनधास्त” म्हणणं मला पटत नाही. आणि काढून घेतला तर ती चोरून वापरेल, वर खोटंही बोलायला शिकेल.

म्हणून वही बदलली. प्रत्येक उदाहरणाच्या समासात आधी अंदाज लिहायचा, मग हाताने सोडवायचं, शेवटी कॅल्क्युलेटरने पडताळायचं. फरक पडला तर खोडायचं नाही, गोल करायचा. अंदाजाचं काम आजोबांकडे दिलं. तिने बटण दाबायच्या आत त्यांनी “सहाशेच्या आसपास” असं काही म्हणायचं, तिने आपला आकडा सांगायचा, आणि कोण जवळ ते बघायचं. सोळाची दीडपट चोवीस हे त्यांना विचार न करता येतं. ते कसं करतात हे नातीने त्यांना पहिल्यांदाच विचारलं. आजोबांनी फक्त एक पाळायचं होतं, “एवढं साधं येत नाही?” हे वाक्य घरातून हद्दपार.

दोन आठवड्यांनी वही उघडली तर बहुतेक गोल एकाच जागी. भागाकारात मध्ये शून्य आला की ती चुकायची. ८१६ भागिले ८ बरोबर १२. सगळं गणित येत नाही असं जिला वाटत होतं, तिची गाठ एवढीशी होती. “आठशे रुपये आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला किती?” आजोबांनी विचारलं. “शंभर.” “मग त्याहून जास्तीचे वाटल्यावर बारा कसे?” दोन संध्याकाळींत ती चूक सुटली. दशांशचिन्हाच्या चुका अजून होतात, त्यांना वेळ लागेल. घटक चाचणीत २० पैकी ६ चे ११ झाले. आईंना ते कमी वाटले, मला नाही.

चौथ्या भेटीला ती स्वतःहून कॅल्क्युलेटर घेऊन आली. “मॅडम, २ चं वर्गमूळ काढलं, १.४१४२१३५ आलं. तोच आकडा नव्याने घालून त्याचा वर्ग केला तर १.९९९९९९८ येतं. उरलेलं गेलं कुठे?”

वास्तव संख्यांच्या धड्यात अपरिमेय संख्या तिने पाठ केल्या होत्या. ही संख्या कुठेच संपत नाही, यंत्राकडे जागा मात्र आठच घरांची, हे तिला आता डोळ्यांनी दिसत होतं. मी एवढंच म्हणाले, “हा प्रश्न सरांना वर्गात विचारशील?” ती काही बोलली नाही.

पुढच्या सोमवारी आईंचा फोन आला. सरांनी शाळेच्या दारात त्यांना थांबवून सांगितलं होतं, आज तुमच्या मुलीने हात वर केला.