कायदा कोणाला लागते, हे गाव बघते

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ग्रामसेवकाच्या नोकरीत नवी आहेस, राग येणारच, नसता आला तं मला जास्त काळजी वाटली असती. पण "आपले लोकच बेशिस्त आहेत, यांना कायद्याची भीतीच नाही" असं जे लिहिलंस ते डोक्यातून काढून टाक. तालुक्याच्या कोर्टात वकिली करण्यात माझं आयुष्य गेलं, मला तरी असं दिसलं नाही. तुझ्या गावातला जो माणूस हेल्मेट घालत नाही तोच माणूस मार्च महिन्यात उसनेपासने करून सोसायटीचं पीककर्ज भरते. काहून भरते? मुदत चुकली की व्याजाची सवलत जाते, ती कोणाच्याही ओळखीनं परत येत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणजे नियम पाळायची अक्कल आहे त्याला. कोणता नियम खरा अन् कोणता नुसता बोर्डावरचा, हे तो आपल्यापेक्षा चांगलं ओळखते.

पानठेल्यावर जरा पाच मिनिटं उभी राहून बघ. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून पोट्टा खर्रा घोटत असते, त्याच पन्नीत बांधून देते. गुटखाबंदी 2012 ची, तंबाखू-सुपारीचं असं मिश्रणही त्यात येते, प्लास्टिकबंदी 2018 ची, म्हणजे एका पुडीत दोन बंदी मोडल्या. आता गिऱ्हाईक कोण ते बघ, मास्तर, शिपाई, लाइनमन, अन् कधीमधी कारवाईला आलेला साहेबसुद्धा. ही गुटख्याची बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली एका वेळी एका वर्षापुरती काढतात, दरवर्षी नवा आदेश निघते, पेपरात बातमी येते अन् ठेला तिथंच असते. धाड पडते ती वरून टार्गेट आलं की, अन् सापडते घोटणारा पोट्टा. माल ज्या गाडीतून येते ती गाडी काही आभाळातून पडत नाही, रस्त्यानंच येते ना बाप्पा! गाव हे सगळं बघत असते, अन् पोट्ट्याला दंड झाला की लोक त्याच्यावर नाही चिडत, दंड करणाऱ्यावर हसतात.

आपल्याकडच्या कपाशीचंही तसंच. बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी बियाण्याला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला मिळाली नाही, पण पावसाळ्यात निंदणाला बाया मिळत नाहीत अन् मिळाल्या तं मजुरी परवडत नाही, म्हणून लोक चोर बीटी लावतात. 2019 च्या जूनमध्ये तं अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी जाहीर कार्यक्रम करून ते पेरलं. बंदी बरोबर की चूक तो वाद मोठा आहे, इथं नको. मला खुपते ते वेगळंच. हे बियाणं बिलाशिवाय मिळते, उगवलं नाही तं तक्रार कुठं करणार? विकणाऱ्याचं काही जात नाही, ज्यानं पेरलं त्याचा मात्र हंगाम जाते.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. पांदण रस्ता, म्हणजे वावरात जायची वाट, कोणी अडवला तं मामलेदार न्यायालय कायदा आहे, 1906 चा, इंग्रजांच्या काळातला. कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकते. कायदा चांगला, साधा. अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज कर, हे बंधन शेतकऱ्यावर, आदेशाच्या अंमलबजावणीची घाई मात्र कोणालाच नसते. अशा किती फायली मी चालवल्या, आदेश मिळते, मग मोजणी पाहिजे, मग पोलीस बंदोबस्त पाहिजे, तेवढ्यात पेरणी येते, अन् ज्याच्या बाजूनं निकाल लागला तोच हात जोडून दुसऱ्याच्या वावरातून बैलबंडी काढते. आदेशाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आड्याला टांगलेली मी पाहिली आहे. अशा माणसाला पुढं तू कोणत्या तोंडानं म्हणशील की बाबा, नियम पाळ?

अन् कायदा मोडायचा मान फक्त जनतेलाच आहे असं समजू नको. वनहक्क कायदा 2006 चा, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जंगलावरच्या सामूहिक हक्काचा कागद मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. 2011 मध्ये केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा कुठं परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. तिथं गाव कायद्यानं चाललं होतं, अडून बसलं होतं सरकारी खातं.

म्हणून तू सुरुवात तुझ्याच ऑफिसपासून कर. ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात ना? कोरमसाठी, म्हणजे सभेला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीसाठी. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते. अगं पण कोरम झाला नाही तं सभा तहकूब करता येते अन् तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग खोटी सही कशाला पाहिजे? जी बाई त्या दिवशी कापूस वेचायला गेली होती तिला माहीत असते की आपण सभेत नव्हतो. तिच्या नावापुढं अंगठा उमटला की तुझ्या पुढच्या सगळ्या नोटिसा तिच्यासाठी रद्दी.

दुसरं, बालविवाह. खेड्यात प्रतिबंध अधिकारी तूच आहेस, हे बोर्डावर तुझ्या नावानिशी लिही. लग्न लागून गेल्यावर गुन्हा नोंदवायला गेलीस तं अख्खं गाव तोंड शिवून बसते, साक्षीला कुत्रंही येत नाही. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, कुणकुण लागली की त्याच आठवड्यात हालचाल कर. शाळेत जाऊन दाखल्यावरची जन्मतारीख बघ, अंगणवाडी ताईला सोबत घे, बापाशी नीट बोल, आवाज चढवू नको, त्याच्या डोक्यावर काय ओझं आहे ते ऐकून घे. नाही ऐकलं तं मॅजिस्ट्रेटकडून मनाई आदेश आणता येते, त्यानंतर लावलेलं लग्न कायद्यानं ठरतच नाही. शिक्षा फक्त मायबापालाच नाही, लग्न लावणारा अन् त्याला मदत करणाराही अडकते, दोन वर्षांपर्यंत कैद अन् लाखापर्यंत दंड. हे भटजीला, मंडपवाल्याला, आचाऱ्याला आधीच सांगून ठेव. धंदा करणारा माणूस आहे, झंझट नको असते त्याला, तारीख विचारायला आलेल्याला तोच पहिले विचारेल की पोरगी किती वर्षांची.

आणि एक वेळ अशी येईल की तारीख निघालेली असेल सरपंचाच्या भावकीत, किंवा ज्याच्या शब्दावर तुझी बदली होऊ शकते त्याच्या घरी. ते लग्न तू थांबवलं नाहीस तं पारध्याच्या पालावरचं लग्न थांबवायला जाऊ नको, कोणी अडवणार नाही, पण कोणी मानणारही नाही. तिथं एकटी जाऊ नको, लेखी कळवून जा, 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करून ठेव, पोलीस पाटलालाही पत्र दे, म्हणजे दबाव आला तं एकट्या तुझ्यावर येत नाही. बदली झाली तं झाली. मला फोन कर, तेव्हाचं तेव्हा बघू.

1 मे ची ग्रामसभा तोंडावर आहे. ऊन भयंकर असते, सकाळी आठलाच ठेव, नोटीस सात दिवस आधी लाव अन् कोतवालाला दवंडीही द्यायला सांग, नुसता व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून मोकळी होऊ नको, बायांकडे मोबाइल कुठं असते दिवसा. विषयपत्रिका काढलीस की आधी मला पाठव, पांदण रस्त्यांची यादी त्यात टाकायची आहे.

तुझा वकील काका