विक्री वाढूनही स्टील पाईप कंपनीचा तिमाही नफा कसा काय घटतो?

बहुतेक वेळा कारण असतं महाग घेतलेला माल. पाईप कंपनी एचआर कॉइल, म्हणजे गरम लाटलेल्या स्टीलच्या पत्र्याची गुंडाळी, विकत घेते, पट्ट्या कापते, गोल करून वेल्ड करते. कॉइल गोदामात पडून असतानाच भाव उतरला, तर पाईप आजच्या भावाने जातो आणि खर्च जुन्या भावाचा लागतो. माझं जळगावला पाईप-पत्र्याचं दुकान आहे. ५५ रुपये किलोने भरलेला चौकोनी पाईप ५१ ने द्यावा लागला, की काट्यावर वजन तेवढंच दिसतं, गल्ल्यात मात्र खड्डा पडतो. कंपनीचं तेच, फक्त हजारो टनांत.

म्हणून आधी प्रति टन एबिटडा बघा, म्हणजे व्याज, कर, घसारा वजा करण्याआधी टनामागे सुटलेली कमाई. विक्री टनांत वाढली की नुसती रुपयांत, हेही तपासा. 'इतर उत्पन्न', म्हणजे ठेवींवरचं व्याज वगैरे मुख्य धंद्याबाहेरची कमाई, बाजूला काढा.

जुलै-सप्टेंबरची तुलना एप्रिल-जूनशी नका करू. पावसात आमच्या रावेर-यावलकडे शेडची कामंच थांबतात. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा. निकाल तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत येतात, मार्चचे ६० दिवसांत.