गरम झाली की रुसणारी पद्मिनी

प्रश्न : माझी १९८६ची प्रीमियर पद्मिनी सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून चहाला थांबलो, की दहा मिनिटांनी सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू! प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं नवीन टाकलं. काय राहिलं?

उत्तर : तपासणी राहिली. गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते तेव्हा ती बरी झालेली असते, म्हणून मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत राहतो. हा दोष बंद पडलेल्या जागीच, त्या दहा मिनिटांत पकडावा लागतो. त्यासाठी डिकीत तीन वस्तू ठेवा : एक जादा प्लग, दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि पाण्याची बाटली.

आधी स्पार्क बघा. कॉइलमधून (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी) डेल्कोच्या (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) मधोमध जाणारी जाड वायर डेल्कोच्या बाजूने काढून जादा प्लगला लावा. प्लगची आट्यांची बाजू इंजिनला तारेने घट्ट बांधा, कार्ब्युरेटरपासून लांब. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळा, चटचट आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळट आणि बारीक असेल तर तो नसल्यातच जमा.

स्पार्क नसेल तर बल्बची एक वायर बॉडीला अर्थ करा, दुसरी किल्ली चालू ठेवून कॉइलच्या ज्या टोकाला किल्लीकडून करंट येतो तिथे लावा. बल्ब पेटला नाही तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्या वायरीत. पेटला, तर डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला लावून सेल्फ मारा. इथे बल्ब लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट (डेल्कोतले उघडझाप करणारे संपर्क) टेकत नाहीत. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे, पॉइंटची वायर कुठे तरी बॉडीला टेकते आहे किंवा कॉइलच आतून तुटली आहे. लुकलुकतो पण स्पार्क नाही, म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर.

नवीन कॉइलवर आमचा पहिला संशय आहे. गरम असतानाच तिच्या दोन छोट्या टोकांत मल्टिमीटर लावा. साधारण ३ ओहम हवेत. १.५च्या आसपास दिसले तर दुकानदाराने बाहेर वेगळा रेझिस्टर लागणारी कॉइल दिली आहे. तसा रेझिस्टर नसेल तर तिच्यातून दुप्पट करंट जातो, ती हात लावू देत नाही इतकी तापते आणि पॉइंटही जाळते. इंजिन बंद करून गाणी ऐकायला किल्ली चालू ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. पॉइंट टेकलेले असले की चांगली कॉइलसुद्धा तशी भाजते. पॉइंटचा गॅप ०.४० ते ०.४५ मिमी ठेवा आणि कॅमला (पॉइंट उघडणारा डेल्कोतला फिरता उंचवटा) चिमूटभर ग्रीस लावा. कोरड्या कॅमवर पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटत जातो.

स्पार्क चोख असेल तर मामला पेट्रोलचा. किल्ली बंद करा, एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटरची दांडी ढकला. पिचकारी उडाली नाही तर आत पेट्रोल नाही. एसी पंपावर (टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप) आणि पाइपवर ओलं फडकं गुंडाळा. पाच मिनिटांत चालू झाली तर पेट्रोलची वाफ अडकत होती. पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या, कार्ब्युरेटरखालचा जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना पाहा. अनेक गाड्यांत तिथे नुसतं पॅकिंग असतं. टाकीचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर त्याचं हवेचं भोक साफ करा. उलट घसा ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजिन पेट्रोल प्यायलंय. चोक नको, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. वारंवार पंप करू नका.

आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलाच. फुगलेला पडदा थंड असताना कसाबसा चालतो, गरम झाला की हात टेकतो.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात माझी ॲम्बॅसॅडर सकाळी चालू होत नाही, ऊन पडलं की होते. क्वचित कोरड्या दिवशीही अडते. बॅटरी नवीन आहे.

उत्तर : दोन वेगळे दोष दिसतात. ओलाव्याचा दोष डेल्कोच्या कॅपमध्ये. कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात तिरपी धरा. दोन टोकांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर स्पार्क तिथूनच पळतो. ती खरवडून जात नाही, कॅप बदला. जाड वायरींसाठी रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा; निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतील.

कोरड्या दिवशीचा दोष बहुधा डेल्कोच्या आतल्या, पॉइंटकडे जाणाऱ्या इवल्याशा वायरीत आहे. पॉइंट बसवलेली व्हॅक्यूमची प्लेट हलते तशी ती रोज वाकते आणि वरचं कापड शाबूत राहून आतली तार तुटते. चिमटीत धरून हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही. नवीन वायर मऊ, बारीक तारांचीच घ्या. घरातल्या वायरिंगची कडक तार महिनाभरात पुन्हा तुटेल.