गुडघे सैल, श्वास मोकळा : बेली डान्स शिकणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : मी बेली डान्सच्या क्लासला नाव घातलं आहे. घरचे विचारतात, नुसतं पोट हलवण्यात शिकायचं काय? ही खरोखर कला आहे का?

आहे, आणि चांगली मेहनत मागणारी आहे. गैरसमज बराचसा नावामुळे झाला. अरबीत या नृत्याला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. इजिप्तमध्ये लग्नात, घरच्या समारंभात लोक जे नाचतात ते 'रक्स बलदी'. बलदी म्हणजे आपल्या मातीतलं. 'पोटाचा नाच' हे नाव फ्रेंचांनी दिलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर ते इंग्रजीत पसरलं. बघणाऱ्यांनी ठेवलेलं नाव नाचणाऱ्यांना चिकटलं.

आज मंचावर दिसणारं रूप मुख्यतः कैरोत घडलं. बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये तिथे स्वतःचं संगीतगृह काढलं. एका जागी उभं राहून, जवळच्या माणसांपुढे होणारा नाच तिथे मोठ्या मंचावर आला. मंच भरायचा तर हातांच्या रेषा लांब हव्यात, चालत जाण्याच्या स्टेप्स हव्यात, गिरक्या हव्यात. त्या आल्या. तहिया कारियोका आणि सामिया गमाल या दोघी नर्तकी तिथे घडल्या आणि इजिप्तच्या चित्रपटांत पोचल्या. पुढे १९५९ मध्ये महमूद रेदा यांनी कैरोत लोकनृत्याचं पथक उभारलं. त्यात पुरुषही तितक्याच तोलाने नाचत. तेव्हा 'हे फक्त बायकांचं' असं कोणी म्हणत असेल तर तेही खरं नाही.

या नृत्याचा गाभा म्हणजे एक अवयव हलवायचा आणि बाकीचं शरीर शांत ठेवायचं. क्लासमध्ये याला आयसोलेशन म्हणतात. घरच्यांनाच एक करून बघायला सांगा : पाय जमिनीवर घट्ट, दोन्ही खांदे एका पातळीत आणि जागच्या जागी. आता फक्त बरगड्यांचा पिंजरा उजवीकडे तीन सेंटिमीटर सरकवायचा, खांदा न झुकवता, कंबर न हलवता. बहुतेकांचं पहिल्यांदा अख्खं धड कलतं. मग नाचाबद्दल बोलणं सोपं जाईल.

प्रश्न : वय ४८, वजन जास्त, आयुष्यात कधी नाचले नाही. जमेल का?

जमेल. या नृत्यात उंच उड्या नाहीत, पाय डोक्यापर्यंत नेणं नाही, आणि सुरुवातीचे कित्येक महिने एका जागी उभं राहूनच काम चालतं. अंगाने भरलेल्या व्यक्तीचा हिप ड्रॉप, म्हणजे खुबा वर उचलून ठोक्यावर खाली सोडणं, उलट जास्त ठळक दिसतो. वजनाची लाज घेऊन क्लासला जाऊ नका.

काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. गुडघ्याची जुनी दुखापत, मणक्याच्या चकतीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही पहिल्याच दिवशी सांगा. गरोदरपणात झटक्याचे हिप ड्रॉप, पाठ मागे वाकवणं आणि पोटाची फडफड वर्ज्य. बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू दुभंगलेले असू शकतात. ते तपासून घेतल्याशिवाय बेली रोल, म्हणजे पोटाच्या स्नायूंची वर-खाली लाट, करू नका.

प्रश्न : तीन महिने झाले, शिमी, म्हणजे कमरेची सलग थरथर, काही येत नाही. अर्ध्या मिनिटात मांड्या दगडासारख्या होतात. बाकीच्यांची कंबर कशी थरथरते!

मांड्या दगड होत आहेत, म्हणजे तुम्ही जोर लावून थरथर काढता आहात. शिमी जोराने निघत नाही, ती स्नायू सैल सोडल्यावर आपोआप येते. आधी ती कशी चालते ते नीट समजून घ्या.

पाय खुब्यांच्या रुंदीइतके लांब, एकमेकांना समांतर. दोन्ही गुडघे किंचित वाकलेले. आता उजवा गुडघा थोडा सरळ करा, पण मागे ताणून कुलूप लावू नका. उजवा खुबा वर जाईल. उजवा गुडघा वाकवताना डावा सरळ करा. डावा खुबा वर येईल. इतकंच. काम गुडघे करतात, खुबे फक्त त्यांच्या मागे जातात. गुडघ्याची हालचाल दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे नको. टाचा जमिनीवरच.

सराव मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावर, करा. मिनिटाला ६० ठोके लावा. एक मिनिट प्रत्येक ठोक्याला एक हालचाल. हे कंटाळवाणं वाटेल, पण उजवी-डावी बाजू सारखी आहे का ते इथेच कळतं. मग एक मिनिट ठोक्याला दोन. मग अर्धा मिनिट ठोक्याला चार. मध्ये पाय झटकून मोकळे करा. ठोक्याला चार सलग दोन मिनिटं न अडखळता टिकले की मेट्रोनोम ६६ वर न्या, त्याआधी नको. रोज दहा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदाच तासभर केल्याने हे स्नायू शिकत नाहीत.

अडतं कुठे? चार जागा तपासा. पहिली, नितंब आवळलेले असतात. हाताने चाचपून बघा, मऊ लागायला हवेत. दुसरी, वजन चवड्यांवर गेलेलं असतं, त्यामुळे पोटऱ्या आणि मांड्या तोल धरण्यातच थकतात. तिसरी, श्वास कोंडलेला असतो. शिमी चालू ठेवून मोठ्याने कालचा दिवसक्रम सांगा. आवाज तुटत असेल तर श्वास अडकला आहे. चौथी म्हणजे घाई : ज्या वेगाला लय समान राहत नाही तो वेग अजून तुमचा नाही.

नाण्यांचा पट्टा असेल तर तो याच सरावासाठी बांधा, खुब्यांच्या सगळ्यात रुंद भागावर, बेंबीजवळ नव्हे. डोळे मिटा आणि ऐका. बरोबर शिमीत नाण्यांचा आवाज पावसाच्या संततधारेसारखा एकसंध येतो. 'छन्न-छु, छन्न-छु' असा लंगडा आला तर एक पाय कमी काम करतो आहे, बहुधा ज्याच्यावर तुम्ही एरवी कमी भार टाकता तो. त्या पायाचा अर्धा मिनिट जादा सराव करा. आरशात हा दोष दिसत नाही, कानाला लगेच कळतो.

प्रश्न : क्लासनंतर कमरेत, अगदी खाली, दुखतं. सवय होईल म्हणून सोडून देऊ का?

नाही. मांड्या, पोटऱ्या, पोटाच्या बाजूचे स्नायू दुखले तर ती मेहनत. मणक्याच्या खालच्या टोकाला दुखणं ही चुकीच्या उभं राहण्याची खूण आहे. नव्वद टक्के शिकवणी उभं राहण्याचीच असते, असं आम्ही म्हणतो ते उगीच नाही.

भिंतीपासून दूर, आरशाला बाजू करून उभे राहा. नितंब मागे काढून कमरेत कमान पडली आहे का? नवशिक्यांना वाटतं, कमान जास्त तर नाच जास्त. होतं उलटंच : त्या कमानीत मणक्याचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि प्रत्येक हिप ड्रॉपचा धक्का तिथेच बसतो. माकडहाडाला वजन बांधलं आहे अशी कल्पना करा आणि ते सरळ जमिनीकडे लोंबू द्या. बेंबीखालचं पोट किंचित आत घ्या, दहापैकी तीन इतक्याच ताकदीने. छातीचं हाड वर, खांदे मागून खाली. गुडघे सैल.

दुसरी नेहमीची चूक उभ्या आठच्या आकड्यात होते. क्लासमध्ये याला माया म्हणतात. उजवा खुबा वर उचलायचा, वर असतानाच बाहेर सरकवायचा, बाहेरून खाली आणायचा. तो मध्याकडे येताना डावा वर निघतो. खुबा उचलायला पोटाच्या बाजूचे स्नायू लागतात. ते दमले की माणूस टाच उचलतो नाहीतर बरगड्या बाजूला झुकवतो, आणि ताण कमरेवर येतो. टाचा खाली राहतील एवढाच लहान आठ काढा. लहान पण पूर्ण आकार हा मोठ्या तुटक आकारापेक्षा कधीही सुंदर दिसतो. उभं राहणं सुधारूनही दोन आठवड्यांत दुखणं थांबलं नाही, किंवा कळ पायात उतरू लागली, तर नाच थांबवून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : चांगला क्लास कसा ओळखायचा? आमच्याकडे शिक्षिका न विचारता कंबर धरून हलवतात, आणि सगळ्यांचे व्हिडिओही काढले जातात.

दोन्ही गोष्टींना नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्पष्ट आणि शांतपणे सांगा : "हात लावण्याआधी विचारा, माझा व्हिडिओ नको." उत्तर काय येतं त्यावरून क्लासची पारख होईल. स्पर्शाने दुरुस्ती करणं चुकीचं नाही, पण परवानगी दर वेळी घ्यायची असते, कारण काल चाललेलं आज नको असू शकतं. अंग आखडलेल्या माणसाला आयसोलेशन शिकवताच येत नाही. परवानगी ही शिकवण्याच्या तंत्राचाच भाग आहे, ते नुसतं सौजन्य नाही.

पहिल्या तासाला एवढं बघा. सुरुवातीला किमान दहा मिनिटं वॉर्मअप आणि शेवटी पाच-दहा मिनिटं ताण देण्याचे प्रकार आहेत का? हालचाल कुठल्या स्नायूने करायची हे सांगतात, की फक्त "माझ्याकडे बघून करा"? गुडघे दुखणाऱ्याला पर्याय देतात का? शिक्षक गाण्याचा ताल आणि शैली सांगतात का? इजिप्शियन शैलीत हालचाल आवरलेली आणि जमिनीशी घट्ट असते, तुर्की शैली जास्त उसळती; हा फरक न सांगता सगळं एकत्र कालवलं जात असेल तर विचारा.

कपड्यांचा नियम एकच असावा : शिक्षकांना गुडघे आणि खुबे दिसले पाहिजेत. अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग पुरेशी. पोट उघडं ठेवण्याची सक्ती कुठेही मान्य करू नका. कोणाच्या शरीरावर शेरेबाजी, "इथलं कमी करा" वगैरे, आणि शिक्षक ती थांबवत नसतील, तर दुसरा क्लास शोधा. मंचावर जाणं ऐच्छिकच हवं. आयुष्यभर फक्त क्लासमध्ये नाचणारे उत्तम नर्तक असतात.

प्रश्न : संगीत ऐकताना सम कुठे ते कळत नाही. सगळी गाणी सारखीच वाटतात.

मग काही दिवस नाचू नका, फक्त टाळ्या वाजवा. तबल्यावर (अरबी तबला म्हणजे दरबुका, पेल्याच्या आकाराचा एकच ढोल) दोन मुख्य बोल असतात. मधोमध हात पडला की खोल 'दुम', कडेला बोट पडलं की तीक्ष्ण 'तक'. चार ठोक्यांचं आवर्तन आठ भागांत मोजा. ओळीत रेघ म्हणजे रिकामी जागा.

मक्सूम : दुम तक – तक दुम – तक –
बलदी : दुम दुम – तक दुम – तक –
सईदी : दुम तक – दुम दुम – तक –

तिन्हींचा सांगाडा एकच आहे, फरक दुम कुठे पडतात त्याचा. बलदीत दोन दुम सुरुवातीला, सईदीत मध्यात. सईदी हा वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तचा, काठीच्या नाचाचा ताल. तोंडाने बोल म्हणा, दुमला पाय आपटा, तकला टाळी. एक ताल सलग पाच मिनिटं न चुकता जमला की दुमवर हिप ड्रॉप टाका. बस, एवढाच.

गाण्यात मध्येच ताल थांबून एकटं वाद्य आलाप घेऊ लागलं तर तो तक्सीम. तिथे ठोके शोधत बसू नका. सुराबरोबर हळू आठ काढा, हात लांबवा. नवशिके तक्सीममध्ये घाबरून शिमी सुरू करतात. कानून (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) थरथरत्या सुरात वाजत असेल तर ते शोभतं. नेय म्हणजे बासरी लांब श्वास घेत असेल तेव्हा शरीरानेही लांब श्वास घ्यावा.

प्रश्न : झिल्स, म्हणजे बोटांत घालायच्या छोट्या झांजा, कधीपासून घ्यायच्या? माझ्या बोटांतून उडून जातात.

चालता चालता ताल मोजता येऊ लागला की घ्या. चार चकत्या असतात, प्रत्येक हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात एकेक. उडतात, कारण इलॅस्टिक सैल आहे किंवा चुकीच्या जागी आहे. ते नखाच्या मुळाशी, पहिल्या पेराच्या सांध्याच्या वर बसायला हवं. हात जोरात झटकला तरी चकती सरकू नये आणि दहा मिनिटांनी बोट निळं पडू नये, इतपत घट्ट. विकत घेताना मध्ये दोन भोकं असलेली जोडी घ्या. एका भोकाच्या चकत्या बोटावर डुगडुगतात.

पहिला बोल उजवा-डावा-उजवा आणि थांबा. डावखुरे असाल तर उलट. कडा एकमेकींना लागून लगेच सुटल्या की घंटेसारखा नाद येतो. दाबून धरल्या तर 'टक' असा बंद आवाज. आधी बसून वाजवा, मग जागीच पावलं टाकत, मग चालत, आणि सगळ्यात शेवटी शिमीबरोबर. शेजाऱ्यांचा विचार असेल तर चकत्यांवर जुने मोजे चढवा. बोटांचा सराव तेवढाच होतो.