जपानी ‘काना’ आणि आपला काना

प्रश्न : “सर, धरमपेठेत जपानीचा क्लास लावला. हिरागाना-काताकाना या दोन लिप्या शिकवून राहिले. यातला काना म्हणजे आपल्या काना-मात्रेतलाच का? ग्रुपवर तसं फिरून राहिलं. आणि दोघांतलं आधी कोणतं शिकू?”

नाही, तो नव्हे. हा फॉरवर्ड मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला. दोन शब्द कानाला सारखे लागले की लगेच सोयरीक जुळवायची! मुळात जपानीत उच्चार ऱ्हस्व आहे, ‘कना’. काना आपणच लावला. मूळ शब्द ‘करि-ना’, म्हणजे उसनं नाव. चिनी चिन्हं ती खरी नावं. त्यांचा नुसता उच्चार उसना घेतला, ती कना. (‘ना’ आणि ‘नाव’ यांचंही लग्न लावू नका, हात जोडतो.) ‘काता’ म्हणजे तुकडा. ‘भर घालणे’ अशा अर्थाच्या एका चिनी चिन्हाचा डावा तुकडा तोडला की काताकानातला ‘क’. तेच अख्खं चिन्ह भरभर गिरवलं की हिरागानातला.

माझा खरा राग आहे तो ‘जपानी बाराखडी’वर. शिकवणारेही बिनदिक्कत म्हणतात. अहो, बारा कुठल्या? क कि कु के को, संपलं. त्यातही क आणि कि यांचं तोंड एकमेकांशी जुळत नाही. मात्रा नावाची वस्तूच नाही. पाचखडी म्हणा हवं तर.

पण हा तक्ता आला कुठून? स्वर : अ इ उ ए ओ. ओळी : क स त न ह म य र व. आता आपल्या मुळाक्षरांतून ट-वर्ग काढा, ख-ग-घ वगैरे भावंडं काढा, ल आणि व नंतरची अक्षरंही काढा. उरतं क च त न प म य र व. च च्या जागी स बसलाय, प च्या जागी ह. कारण जपानी ह हा पूर्वी प होता. पुरावा आजही वहीत सापडेल : ‘ह’वर दोन टिंबं दिली की ‘ब’ होतो, बारीक गोल दिला की ‘प’. काही विद्वान या मांडणीचं श्रेय चिनी उच्चारशास्त्राला देतात. खुशाल द्यावं; मग दातांच्या वर्गानंतर ओठांचा वर्ग आणि शेवटी य-र-व हा क्रम कुठून आला, तेवढं सांगावं.

तो आला बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून. कूकाई नावाचा जपानी भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला, ८०६ मध्ये परतला, आणि मंत्र लिहायची एक भारतीय लिपी सोबत घेऊन आला. जपानी तिला ‘शित्तान’ म्हणतात. शित्तान म्हणजे सिद्धम्! आता आठवा, पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर पहिलं काय गिरवायचे? ओनामासीधं. ॐ नमः सिद्धम्. आपला ‘ओनामा’ त्यातलाच. कोशकार ‘आरंभ’ एवढा अर्थ देऊन मोकळे होतात. कुणी हा सिद्धम् जैनांचा म्हणतं, कुणी कातंत्र व्याकरणातल्या ‘सिद्धो वर्णसमाम्नायः’ या सूत्राशी नेऊन बांधतं. मला विचाराल तर अक्षरांच्या तक्त्यावर मंगल म्हणून लिहायचा तो हा शब्द, आणि पंतोजींचा सीधं व कूकाईचा शित्तान सख्खे भाऊ. पटत नसेल त्यांनी संत्री घेऊन वाद घालायला घरी यावं.

हां, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. आधी हिरागाना, ४६ अक्षरं आहेत, आणि प्रत्यय-बित्यय सगळे त्यातच लिहितात. काताकाना बाहेरच्या शब्दांना. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात भेटलेल्या एका जपानी पाहुण्यांनी माझ्या वहीत ‘नागपूर’ लिहून दिलं होतं : न, मग एक आडवी रेघ, मग गु पु रु. ती रेघ न ला दीर्घ करते. वरून खाली लिहून दाखवा म्हटलं, तर रेघही उभी राहिली. काना शोधायचाच असेल तर तो तिथे आहे.