शेजाऱ्यांच्या कागदावर सही करण्याआधी

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा आधी सांगतो. शेजाऱ्यांच्या मोठ्या कुत्र्याने तुमच्या सहा वर्षांच्या कुत्रीला, जिनीला, छातीजवळ धरून झटकलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जखमा धुतल्या, इंजेक्शनं दिली आणि घरी पाठवलं. चौथ्या दिवशी जखमेभोवतीची कातडी काळी पडली, पू दिसू लागला. दोन बरगड्याही मोडल्याचं एक्स-रेत दिसलं. आता भूल देऊन मेलेला भाग काढायचा आहे आणि त्याचा अंदाज तुमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे. शेजारी एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम लगेच द्यायला तयार आहेत, पण "यापुढे कोणतीही मागणी करणार नाही" असं लिहून दिलं तरच, तेही रविवारच्या आत. यजमान म्हणतात, घेऊन टाक आणि विषय संपव. आपत्कालीन निधी पाच महिन्यांचा आहे, पण तो "माणसांसाठी" म्हणून तुम्हाला त्याला हात लावायचा नाही. मुलीच्या शिक्षणाच्या फंडातून काढू की क्रेडिट कार्ड वापरू, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सरळ आहे. शस्त्रक्रिया लगेच करा, पैसे आपत्कालीन निधीतून काढा आणि त्या कागदावर सही करू नका.

त्याआधी पैशाशी संबंध नसलेली एक गोष्ट. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की, कुत्री सोडवताना यजमानांच्या हाताला दात लागला, "किरकोळ आहे". ताई, ते किरकोळ नाही. त्यांना आजच डॉक्टरांकडे पाठवा. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची असते. ते झालं नसेल तरीही आता जाऊन लसीबद्दल विचारायचंच. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड मागा आणि तो १० दिवस नजरेसमोर राहील याची खात्री करा, पण त्या १० दिवसांसाठी यजमानांचे उपचार थांबवू नका. जिनीच्या लसी वेळेवर झाल्या असल्या तरी तिला बूस्टर लागेल का, हेही विचारा.

आता सही का नको, ते सांगतो. कुत्र्याच्या चाव्याची जखम वरून दिसते तेवढी कधीच नसते. सुळे कातडीत छोटंसं भोक पाडतात, पण प्राण्याला धरून झटकलं की आत कातडी स्नायूपासून सुटते, स्नायू चिरडतात, रक्तपुरवठा तुटतो. तो भाग लगेच मरत नाही. मेलेलं काय आणि जिवंत काय, हे ठरायला दोन-तीन दिवस जातात आणि तोंडातले जंतू तोवर आत रुजलेले असतात. जिनीचं चौथ्या दिवशी बिघडणं हे डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळेच झालं असं मानू नका. या जखमा अशाच चालतात. म्हणूनच त्या बऱ्याचदा लगेच शिवून बंद करत नाहीत. नळी ठेवतात, उघड्या ठेवून रोज ड्रेसिंग करतात आणि कधी कधी पुन्हा साफ करतात. छातीला मार असेल तर फुप्फुसाकडेही काही दिवस लक्ष ठेवावं लागतं.

म्हणजे आज कोणालाच खर्चाचा शेवटचा आकडा माहीत नाही. तुम्हाला नाही, शेजाऱ्यांना नाही, डॉक्टरांनाही नाही. अशा वेळी "यापुढे मागणी नाही" असं लिहून देणं म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेची, संसर्गाची, महिनाभराच्या ड्रेसिंगची सगळी जोखीम निम्म्या खर्चात स्वतःच्या डोक्यावर घेणं. एरवीही असा करार मी कोणत्याही व्यवहारात करू देणार नाही. शेजाऱ्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही, त्यांनाही प्रकरण मिटवायचं असेल. पण ते जखम भरल्यावर मिटवा.

खरा घोळ इथे आहे: पैसे आत्ता कोण भरणार आणि शेवटी कोण सोसणार, हे दोन प्रश्न तुमच्या घरात एकच झालेत. शेजाऱ्यांनी पैसे दिले तर शस्त्रक्रिया, नाहीतर बघू, असं बोलणं सुरू झालंय. पहिला प्रश्न तासांचा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या खात्यात आहे. दुसरा महिन्याभराने सुटला तरी काही बिघडत नाही. पहिला सुटला की रविवारच्या मुदतीचा धाकही उरत नाही.

निधी माणसांसाठी आहे, हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण आपत्कालीन खर्च म्हणजे अचानक आलेला, टाळता न येणारा आणि थांबवला तर वाढणारा. हा तिन्हींत बसतो. दोन महिन्यांचा खर्च काढला तरी तीन महिन्यांचा उरतो आणि तुम्हा दोघांची नोकरी स्थिर आहे. दरमहा तुम्ही घरखर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढी गुंतवणूक करता. ती इकडे वळवली तर निधी १० महिन्यांत भरून निघेल. शेजाऱ्यांनी निम्मं दिलं तर पाच महिन्यांत. शिक्षणाचा फंड मात्र बाजाराशी जोडलेला आहे. गरजेच्या दिवशी तो कुठे असेल ते आपल्या हातात नाही, आणि तिथून काढलेले पैसे परत जातातच असं मी फारसं पाहिलेलं नाही. कार्ड तर नकोच. दरमहा ३ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांवर जातं.

कितीपर्यंत खर्च करायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर ते आहे. त्याचं उत्तर शस्त्रक्रियेआधी घरात बसून ठरवा, काउंटरवर उभं राहून नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आत्ताच्या टप्प्यात काय येतं, पुढे काय लागू शकतं आणि बरी झाल्यावर ती नीट धावेल-खाईल का? अंदाज टप्प्याटप्प्याने लिहून घ्या. भूल दिलेली असताना वेगळं काही सापडलं तर पुढे जाण्याआधी फोन करा, असं सांगून ठेवा. माझा सल्ला, निधीत निदान तीन महिन्यांचा खर्च राहील अशी मर्यादा धरा. ती ओलांडायची वेळ आली तर पुन्हा विचार करा, आणि त्या विचारात आतापर्यंत किती घातले हे आणू नका. पुढच्या खर्चाने तिला काय मिळणार एवढंच बघा. डॉक्टरांनीच कधी सांगितलं की आता फक्त यातना वाढतील, तर तिला शांतपणे जाऊ देण्याला कंजूसपणा समजू नका. पण आजचं चित्र तसं नाही. वय सहा, फुप्फुस ठीक, ती खाते आहे. मी हा खर्च केला असता.

बचत म्हणून घरातल्या वेदनाशामक गोळ्या तिला देऊ नका. माणसांची औषधं कुत्र्यांच्या पोटावर आणि मूत्रपिंडावर उलटतात, आणि तो खर्च वेगळाच.

वसुलीची तयारी आजपासून करा. जखमांचे रोज फोटो काढा. डॉक्टरांच्या अहवालात "कुत्र्याच्या चाव्याने झालेली जखम" हे शब्द आणि तारीख हवी. प्रत्येक बिल, औषधाची पावती, घटना पाहिलेल्या माणसाचं दोन ओळींचं लेखी म्हणणं जपून ठेवा. नुकसानभरपाईचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. बऱ्याच ठिकाणी पाळीव प्राणी मालमत्तेत मोडतो, त्यामुळे भरपाईवर मर्यादा येऊ शकते. म्हणून वाद वाढवण्याआधी तिथल्या वकिलाला एकदा विचारा, आणि समजुतीने मिळणारे पैसे हलके समजू नका. शेजाऱ्यांच्या घराच्या विम्यात इतरांच्या नुकसानीची जबाबदारी येते का, हे त्यांना बघायला सांगा. अनेकांना ते ठाऊकच नसतं. जिनीसाठी आता विमा काढला तर ही दुखापत त्यात येणार नाही, तेव्हा त्या घाईत पडू नका.

शेजाऱ्यांना लेखी निरोप पाठवा, भांडणाचा सूर न लावता: "तुम्ही मदतीची तयारी दाखवलीत, आभार. उपचार अजून सुरू आहेत. आजवरची बिलं सोबत जोडली आहेत. तुम्ही देऊ केलेली रक्कम आजवरच्या खर्चापोटी घेऊ, तशी पावती देऊ. पुढची बिलं येतील तशी दाखवू, आणि डॉक्टरांनी ती बरी झाल्याचं लिहून दिलं की एकत्र बसून शेवटचा हिशेब करू." ते नाही म्हणाले, तर रविवार जाऊ द्या. बिलं तुमच्याकडेच राहतील आणि महिन्याभराने पक्का आकडा घेऊन बोलता येईल.

आज आधी डॉक्टरांना फोन करून शस्त्रक्रियेची वेळ पक्की करा. निरोप त्यानंतर पाठवा.